हॅमची पांढरी किनार

रविवारी चष्म्यांचं दुकान बंद असे आणि त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास परदेशातून लेकीचा फोन येई. बायको गेल्यापासून घरात चष्मेवाला आणि त्याची थोरली बहीण अशी दोनच माणसं. फोन वाजला की तो हातातला कांदा टाकून धावायचा. बहीण म्हणायची, "पड आता, मोड पाय. मग तरी येईल पोरगी बघायला!"

पोरगी तीन वर्षांत आली नव्हती. रजा, तिकीट, नवी नोकरी. कारणं खरी होती, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. गिऱ्हाइकाला "या, बसा" म्हणताना सैल सुटणारी त्याची जीभ "कधी येतेस?" एवढं विचारायच्या वेळी टाळ्याला चिकटायची.

म्हणून त्याने एक युक्ती लढवली होती. बायको जेवणात तोंडी लावायला फरसबी करायची. ऑलिव्हचं तेल, लसूण, एखादा टोमॅटो आणि हॅम, म्हणजे मिठात मुरवून महिनोन्महिने वाळवलेलं डुकराचं मांस. लेकीने कृती विचारली तेव्हा त्याने सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. हॅमच्या चकतीला पांढऱ्या चरबीची किनार असते. लोक ती कापून फेकतात. बायको मात्र ती बारीक चिरून थंड कढईत टाकायची आणि मंद आचेवर काचेसारखी होईपर्यंत वाट बघायची. खरी चव तिथे होती.

महिन्या-दोन महिन्यांनी तक्रार यायची, "बाबा, आईसारखी होतच नाही रे!"

"अगं, हाताला सवय लागते. आलीस की मी करून घालीन."

फोन ठेवला की बहीण टोमणा मारायची, "भाजीचं आमिष लावून बसलाय. मासा आहे का ती?"

या रविवारी लेक म्हणाली, "बाबा, फरसबीचा नाद सोडला मी. मागची भाजी सरळ कचऱ्यात गेली. खरं सांगू? आईची कशी लागायची, तेही आता नीट आठवत नाही."

त्याच्या लक्षात आलं: लेकीला ओढून आणायला म्हणून जो दोर धरून ठेवला होता, तो आपणच कापत बसलो होतो.

"घरात हॅम आहे?"

"थोडं आहे. फरसबीच्या शेंगाही आहेत. पण कशाला?"

"शेंगा उकडत ठेव. आणि हॅमची पांढरी किनार कापलीस की फेकू नकोस."

"ती तर मी नेहमीच फेकते."

"माहीत आहे. ती आधी कढईत घाल. गॅस मोठा करू नकोस. मीठ अजिबात नको."

त्याने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे सुरी चालली, मग बारीक चरचर ऐकू आली. लसूण पडला, टोमॅटो पडला, शेंगा पडल्या. गॅस बंद केल्यावर हॅमचे तुकडे टाकून झाकण ठेवायला त्याने सांगितलं. बहीण दारात उभी राहून ऐकत होती.

थोड्या वेळाने पलीकडे झाकण निघालं, ताटलीत चमचा वाजला. मग लेकीने नाक ओढलं.

"हीच रे बाबा. आईचीच आहे. हे आधी सांगायला विसरलास?"

"विसरलो नाही. मुद्दाम नाही सांगितलं."

"का पण?"

"तुला जमली असती, तर तू कशाला आली असतीस?"

ती हसली, पण ते हसणं मध्येच तुटलं. "तू कधी 'ये' म्हणालाच नाहीस. मला वाटायचं, तू आणि आत्या मजेत आहात. मी आले तर उगाच धावपळ."

"कसली मजा!" दारातून आत्या ओरडली. "दोन म्हातारी माणसं, चार शेंगा!"

"मार्चमध्ये बघते," लेक म्हणाली.

एरवी तो म्हणाला असता, सवडीने बघ, घाई नाही. आज त्याने फोन तोंडाजवळ धरला.

"बघते नको," तो म्हणाला. "ये."