मेढीतली भुंगी

आमच्या मालकांना सारं गाव अर्जुनाबापू म्हणतंय. मी आपली ‘आवं’ म्हणती, ते मला ‘अगं’ म्हणत्यात. सासूच्या पुढ्यात बायकूला नावानं हाक मारायची सोय नव्हती. सासू गेली, पर ह्यांची जीभ काय सुटली न्हाई. उभी उमर मुंबईत माथाडी म्हणून वझी उचलली. हितं माण तालुक्यात मेंढरं, पोरं, म्हातारी मी एकटीनं सांभाळली.

आता कायमचं घरी आल्यात. म्हटलं, चार शबूद माझ्यासंगं बोलतील. कशाचं काय! सकाळचा च्या घेत्यात आन् मेंढरांच्या छपरात जाऊन बसत्यात. तिथल्या लाकडी मेढीला, छपराच्या खांबाला, काळ्या भुंगीनं बोटायेवढं गोल भोक पाडलंय. खाली भुसा पडतुया आन् हे टक लावून बघत्यात.

“लय कष्टाची बघ,” मला कौतुकानं सांगत्यात. “आत लांब बोगदा कोरती. फुलातल्या पिठाचा गोळा ठिवती, त्येच्यावर एकच अंडं घालती, मग भुशाचा पडदा. की फुडं दुसरी खोली. नर नुसता दारात घुं घुं करतुया.”

माझं टाळकंच सटकलं. “आन् मी काय केलं वो इतकी वर्सं? तुमी तर घुं घुं करायला बी दारात नव्हता!”

हे उठून मेंढरांना पाणी दावाया गेलं.

दुसऱ्या दिशी छपराकडं गेली, तर हे मेढीला तोंड लावून हळूच काय तरी बोलत हुतं. हाक मारल्यावानी. मला बघून आवाज बंद! जिवाचा नुसता जळफळाट झाला. मला उभ्या जन्मात नाव न्हाई, आन् किड्याला हाका?

कालवला चिखल, गेली भोक लिंपायला. भुंगी आतनं पाठ लावून दार आडवून बसलेली. सवतच की! तेवढ्यात मागनं हे धावत आलं.

“आगं, नगं! रंगू हाय आत!”

“रंगू?” माझा हात तसाच ऱ्हायला. “ते तर माझं नाव.”

ह्यांनी मान खाली घातली. “तुला नावानं बोलवाया जीभ रेटत न्हाई. म्हणून हिच्यावर सवय करतुय.”

“मग? झाली का?”

हे लय येळ खाकरलं. “रंगू... च्या टाक.”

डोळ्याला पदर लावला आन् निघाली. पर जाता जाता भोकापाशी वाकून भुंगीला बजावलंच, “नाव माझं हाय बये. तुला उसनं दिलंय.”