पावसात ठेवलेले चिरे

सर्वणच्या कृष्णनाथ मेस्ताला जांभ्याचा चिरा ट्रकमधून उतरताना नुसता ऐकू आला तरी कळतो, पक्का की कच्चा. पण गेल्या बारा वर्षांत त्याला हे विचारतंय कोण? कंत्राटदार आले, सिमेंटचे ठोकळे आले, आणि चाळीस वर्षं घरं उभी करणाऱ्या माणसाच्या वाट्याला कुंपणं आणि शौचालयाच्या टाक्या उरल्या.

म्हणून गेल्या फेब्रुवारीत अक्षयच्या घराचं काम आलं, तेव्हा मेस्ताने पावाचा उंडा चहात बुडवला आणि तो तिथेच विरघळला तरी त्याचं लक्ष नव्हतं, असं त्याची बहीण गंगा सांगते. अक्षय मोपाच्या विमानतळावर नोकरीला. घराचा नकाशा दिचोलीच्या संजनाने काढलेला. चिऱ्याच्या उघड्या भिंती, सांध्यात चुना, छप्पर भिंतीच्या तीन फूट बाहेर, पश्चिमेच्या खिडक्या लहान. सिमेंट नावापुरतं, आणि एसी लागू नये असं घर. मेस्ताने कागद उलटसुलट करून बघितला.

"बाय, ह्या तू खंय शिकलंस गे? आमी असांच बांधी होतो."

मार्चमध्ये चिरे आले. यंत्राने कापलेले, सगळे एका मापाचे. मेस्ताने एकावर हातोडीचा दांडा मारला. ठप्प. दुसऱ्यावर मारला. ठप्प.

"कच्चे आसत. खाणीतसून काल काढलेले. एक पावसाळो उघड्यार रवांदेत. वाऱ्यापावसात चिरो घट्ट जाता. जो टिकात तो भिंतीत."

"मेस्ता, ह्या चवथीक माका नव्या घरात गणपतीर फळांची माटोळी बांधूची आसा. सगळ्यांका सांगून बसलंय," अक्षय म्हणाला.

"बसलंस तर ऊठ."

संजना मध्ये पडली. "वरून पाणी अडवणारा लेप मारला तर?"

"लेप म्हंजे गिलाव्याचोच चुलतभाव, बाय. मगे उघडी भिंत कित्याक म्हणतंस?"

ठोकळेवाला कंत्राटदार चार महिन्यांत चावी देतो म्हणत होता. अक्षय म्हणाला, रविवारी सांगतो. म्हणजे काम गेलंच. अशी भिंत हातून परत होणार नाही, हे मेस्त जाणून होता.

रविवारी तोच अक्षय आणि संजनाला घेऊन गंगेच्या घरी गेला. ती आदोळीवर बसून बांगडे कापत होती. मेस्ताने कुणाला काही न सांगता तिच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीच्या गिलाव्यात छिन्नी घातली.

"शिरां पडो! अरे मेल्या, माझी रांदपाची कूड फोडतंस?"

"आदीच फोडूक होई होती."

गिलाव्याचा मोठा पापुद्रा खाली आला. आतले चिरे वाळवी लागलेल्या लाकडासारखे पोकळ. लाल भुगा चुलीपर्यंत आला.

"ही भिंत माझीच," मेस्त भिंतीकडे बघतच बोलला. "चोवीस वर्सांचो होतंय. भावजींका चवथीच्या आदी चूल पेटवूची होती. खाणीतसून आणले ते तसेच लावलंय. तिसऱ्या पावसाक झडूक लागले, तेवां वरून गिलावो मारलंय आणि गप रवलंय."

गंगेच्या हातात अर्धा बांगडा तसाच राहिला. "सदतीस वर्सां? आणि ओल येता म्हणून मी घोवाक गाळी दितंय!"

अक्षयने भोकात बोट घातलं. लाल झालेलं बोट पॅन्टला पुसलं.

"आणि पावसात टिकले नायत तर?"

"दुसरे आणूया. परत थांबूया."

अक्षयने कपाळाला हात लावला. पण कंत्राटदाराला फोन त्याने तिथूनच केला, नको म्हणून.

चिरे मोकळे रचून ठेवले. मेस्त दर आठवड्याला येऊन, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, थर उलटायचा. अंडी उबवतोस काय रे, असं रस्त्यावरून जाणारे विचारायचे. चवथीला अक्षयची माटोळी, तो राहायचा त्या भावाच्याच घरात बांधली गेली. आरतीला आलेल्यांनी, नवं घर अजून शेवाळतंय काय, हे विचारून घेतलं. अक्षयने ते नेवऱ्यांबरोबर गिळलं.

ऑक्टोबरात निवड सुरू झाली. प्रत्येक चिरा ठोकायचा. खणखणला तर उजवीकडे, ठप्प वाजला तर डावीकडे. आठांतला एक डावीकडे गेला, माडाच्या आळ्यांना. संजना दोन दिवस स्वतः ठोकत बसली आणि नकाशाच्या कोपऱ्यात तिने एक ओळ वाढवली: 'चिरा एक पावसाळा उघड्यावर.'

उजवीकडच्या चिऱ्यांची पहिली गाडी मात्र मेस्ताने अक्षयला विचारून गंगेकडे नेली. जुनी भिंत उतरवली, नवी चढवली. चौथ्या दिवशी चुन्याचे सांधे बोटाने साफ करत तो म्हणाला, "आतल्यान गिलावो करूया गे? चुलीचो धूर बसात."

"नाका. उघडीच रवांदे," गंगा म्हणाली. "येत्या पावसात मी हयच पाट घेवन बसतलंय. बगतंय तुझा काम."

मेस्ताने थापी धुतली आणि अक्षयच्या घराच्या पायाकडे निघाला. उजेड होता तोवर तिथे दोन थर व्हायचे होते.