एमिलच्या हातची काडतुसं

एमिल ह्रुश्काच्या घराची बेल वाजवून काही उपयोग नसे. बेल ऐकून त्याची बायको डॉलोरेस दार उघडायची, 'खाली आहे' असं म्हणायची आणि दार लावून घ्यायची. त्यापेक्षा मागच्या अंगणातून जाऊन तळघराच्या खिडकीवर टिचकी मारलेली बरी. आम्ही शेजारी तेच करायचो. आतून एमिल हाताचा पंजा दाखवायचा. त्याचा अर्थ 'ये' असा नसून 'थांब, दारू मोजतोय' असा असायचा. दारू म्हणजे बंदुकीची. पिण्याच्या बाबतीत एमिलनं कधी मोजमाप ठेवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

बाटल्यांच्या कारखान्यात त्यानं जन्म काढला. कारखाना बंद झाला तेव्हा बाकीचे लोक युनियनच्या हॉलमध्ये जाऊन रडले आणि हा तळघरात जाऊन काडतुसं भरत बसला. ते काम तसं साधंच. शनिवारी नेमबाजीच्या क्लबावर झाडलेल्या पितळी पुंगळ्या कॉफीच्या डब्यात गोळा करून आणायच्या. मक्याच्या कणसांच्या भुशात घोळवून चकचकीत करायच्या. फुगलेल्या असतात त्या पुन्हा मापात आणायच्या, बुडातली जळलेली टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारी बारीक वाटी, काढून नवी बसवायची, चिमूटभर दारू ओतायची आणि वर शिशाची गोळी ठेवून यंत्राचा दांडा खाली ओढायचा. झालं काडतूस. पुढच्या शनिवारी ते फळीवरच्या कागदी चकतीत घालवायचं आणि पुंगळी घेऊन घरी यायचं. यातून जगाला काय मिळतं हे विचारू नये. लोणची घालणाऱ्या बाईला दुकानात लोणचं मिळतं हे काय माहीत नसतं?

आमच्या क्लबात सगळेच आपापली काडतुसं घरी भरतात. आणि सगळेच एक नेम पाळतात: दुसऱ्याच्या हातची काडतुसं आपल्या रिव्हॉल्वरमध्ये घालायची नाहीत. सख्खा भाऊ असला तरी नाही. माणूस एक वेळ दुसऱ्याचा दात घासायचा ब्रश वापरील. कारण साधं आहे. दारू ओतताना त्याला शिंक आली होती की नाही हे तुम्हाला कसं कळणार?

या नेमाला आमच्याकडे एकच अपवाद होता. वॉर्ड टेटलो. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, सव्वादोनशे पौंडांचा आळस. हा कित्येक वर्षं फक्त एमिलच्या हातची काडतुसं झाडत आला होता.

"स्वतः शीक की रे भरायला," एमिल म्हणायचा.

"कशाला? तू मेल्यावर शिकेन."

"मी तुझ्या आधी मरणार नाही. तुझं पोट बघ आणि बोल."

"पोट राहू दे. डबा आण इकडे."

एमिल लाकडी खोका पुढं करायचा. वॉर्ड त्यातली काडतुसं न बघता, शेंगदाणे उचलावे तशी उचलायचा. न बघता! आम्ही बाकीचे दुकानातून आणलेली काडतुसंसुद्धा उलटीपालटी करून बघतो. वॉर्डच्या त्या बेफिकीर बोटांकडे एमिल असा पाहत राहायचा, की लग्नात त्यानं डॉलोरेसकडे तसं पाहिलं असेल का, याबद्दल खुद्द डॉलोरेसला शंका होती.

मग एमिलचं विसरणं सुरू झालं. आधी गमतीचं होतं. शुक्रवारी फायर स्टेशनच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांच्या रांगेत तो दोनदा उभा राहिला, दोनदा जेवला आणि घरी जाऊन बटाटा भरलेले पिरोगी मागितले. डॉलोरेस मला कुंपणावरून म्हणाली, "साखर घरात तीन ठिकाणी सापडते आणि चष्मा एकाही ठिकाणी नाही." डॉक्टरांनी एक लांबलचक नाव सांगितलं. ते तिनं पाठ केलं, आणि एमिल विसरला.

पण यंत्राचा दांडा हातात आला की तो पूर्वीचा एमिल व्हायचा. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

त्या शनिवारी वॉर्डनं नेम धरला, चाप ओढला आणि आवाज झाला 'फुस्'. ओल्या फटाक्यासारखा. वॉर्डचं बोट पुन्हा चापाकडे चाललं होतं. मी ओरडलो तेव्हा ते थांबलं. पुंगळीत दारूच नव्हती. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरून मध्येच अडकली होती. दुसरी गोळी तिच्यावर जाऊन आदळली असती, तर नळी फाटली असती आणि सोबत वॉर्डचा हात.

"टोपी सादळली असेल," एमिल म्हणाला.

"असेल असेल," वॉर्ड म्हणाला. आम्ही लाकडी दांडक्यानं ठोकून गोळी बाहेर काढली आणि हवापाण्याबद्दल बोललो.

काही आठवड्यांनी उलट झालं. एवढा मोठा बार उडाला, की वॉर्डचा हात छपराकडे गेला आणि शेजारच्या रांगेतल्यांनी माना वळवल्या. एमिलनं एकाच पुंगळीत दोनदा दारू ओतली होती. रिव्हॉल्वर मजबूत म्हणून टिकलं. पुंगळी मात्र अशी घट्ट बसली की निघेना.

"आज जरा जोरात आहेत," एवढंच एमिल म्हणाला.

गाड्या लावतो तिथं आम्ही उभे राहिलो. डॉलोरेस त्याला न्यायला आली होती. गाडीची किल्ली तिनं आधीच काढून घेतलेली.

"यंत्र उचलून ने तू," ती वॉर्डला म्हणाली. "मी सांगते, चोर आले होते."

"आणि मग हा दिवसभर काय करील?"

ती म्हणाली, "खाली जातो तेव्हा भूक लागून वर येतो रे. नाहीतर त्याला भूक लागलीय हेसुद्धा मीच सांगते. मी शेजारी बसून बघितलं, तर मला हाकलून दिलं. म्हणे बायका बडबडतात आणि मोजणं चुकतं. मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं."

तेव्हा वॉर्डनं आयुष्यातली पहिली लबाडी केली. दुकानातून काडतुसं आणली. एमिलनं खोका दिला की तो पिकअपकडे जायचा, पाठ फिरवून अदलाबदल करायचा आणि दुकानातली झाडायचा. एमिलची काडतुसं त्याच्या गॅरेजमध्ये साठत गेली.

रिकाम्या पुंगळ्या नेहमीप्रमाणे एमिलच्या डब्यात जायच्या. बायकोच्या बहिणीचं नाव विसरलेला हा माणूस. पण पुंगळीवर त्यानं नुसतं बोट फिरवलं. त्याच्या पुंगळ्या वर्षानुवर्षं घासून चहाच्या रंगावर आलेल्या. ह्या कोऱ्या, नव्या नवरीसारख्या चमकत होत्या. तो डबा घेऊन वॉर्डच्या पिकअपपाशी आला.

"ह्या माझ्या नाहीत."

"मिसळल्या असतील कुणाच्या."

"सगळ्याच?"

वॉर्डनं उगाच टायरवर लाथ मारून पाहिली.

"भीती वाटते?" एमिलनं विचारलं.

"नाही रे." मग टायरकडे बघत, "हो."

"बरोबर आहे," एमिल म्हणाला. "मलापण वाटते."

घरी जाऊन त्यानं यंत्रावर जुनी चादर टाकली आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन स्वयंपाकघरात बसून राहिला. डॉलोरेस म्हणाली, जेवला नाही, बोलला नाही, फक्त एकदा म्हणाला, 'वॉर्डसुद्धा.'

इथं गोष्ट संपली असती तर दुःख असतं, पण एकदाचंच. एमिल ते विसरला. आठवड्याच्या मधेच चादर जमिनीवर होती आणि शनिवारी हा शीळ घालत खोका घेऊन हजर. वॉर्डनं पुन्हा अदलाबदल केली. एमिलनं पुन्हा डब्यात बोट फिरवलं. पुन्हा तेच, "ह्या माझ्या नाहीत." पुन्हा ती चादर. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच.

"दर आठवड्याला तो पहिल्यांदाच ऐकतो," डॉलोरेस मला कुंपणावरून म्हणाली. "एकच माणूस दर शनिवारी मरावा आणि रडणाऱ्याला ते दर वेळी नवीन असावं, तसं चाललंय. काहीतरी करा. नाहीतर मीच त्याला गोळी घालते, दुकानातली."

ती हसली. मीही हसलो. दोघांनाही ते जमलं नाही.

शेवटी वॉर्ड आळस झटकून उठला. त्यानं एमिलची काडतुसं एकेक करून फोडायला घेतली. त्यासाठी प्लॅस्टिकचा एक हातोडा मिळतो. त्याच्या पोटात काडतूस घालून फरशीवर आपटलं की गोळी निखळते. मग तीच पुंगळी, नवी टोपी, त्यात मोजून दारू, वर तीच गोळी. शनिवारी ती नव्या खोक्यातल्यांशी बदलून झाडायची, म्हणजे डब्यात जाणारी पुंगळी एमिलचीच. मी त्याला भरायला शिकवलं. इतका नालायक विद्यार्थी मी पाहिलेला नाही. त्याची बोटं एवढी जाड, की एक टोपी उचलायला गेला तर तीन सांडायच्या.

"जन्मभर या कामातून सुटलो होतो," फरशीवर रांगत टोप्या गोळा करताना तो म्हणायचा. "म्हातारा माझा सूड घेतोय."

ते चाललं मात्र. एमिल डब्यात बोट फिरवायचा, मान डोलवायचा. हरणांच्या शिकारीचा मोसम गेला, बर्फ पडलं, क्लबाच्या शेडमध्ये शेगडी पेटली. डॉलोरेसनं वॉर्डसाठी खिमा भरलेल्या कोबीच्या पानांचं आख्खं पातेलं पाठवलं. आम्हाला वाटलं, जिंकलो.

पण ते हातोड्यानं फोडणं वॉर्डला भोवलं. दर आठवड्याला एमिलच्या आत काय चाललंय ते त्याला दिसत होतं. आधी खोक्यातलं एखादं काडतूस बिनदारूचं निघायचं. मग निम्मी. मग गोळ्या उलट्या बसवलेल्या. एकात दारूऐवजी साखर निघाली. वॉर्डनं मला ती बोटाला लावून चाखायला लावली, आणि आम्ही दोघं गॅरेजमध्ये, वेड्यासारखे, ती साखरच आहे याची खात्री करत बसलो.

"डॉलोरेसला सांगायचं?" मी विचारलं.

"काय सांगायचं? की चौथी जागा सापडली?"

बर्फ वितळायच्या सुमारास आलेल्या खोक्यात टोप्यासुद्धा जळक्याच होत्या. काहीच केलेलं नव्हतं. झाडलेली पुंगळी जशीच्या तशी घेऊन वर नुसती गोळी दाबली होती. गोळ्या मात्र सगळ्या सरळ, एका उंचीच्या. वॉर्डनं ती सगळी फोडून पुन्हा भरली. एव्हाना त्याचा हात छान बसला होता. माझ्यापेक्षा बरा, हे मी त्याला सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी ऊन होतं. एमिल बाकावर डॉलोरेसनं विणलेली टोपी घालून बसला होता. वॉर्डनं खोक्यातली काडतुसं न बघता उचलली, पूर्वीसारखी, आणि झाडली. चकतीवरची सगळी भोकं एका कपाखाली झाकली जावीत एवढ्या जागेत पडली. आम्ही शिट्ट्या मारल्या. वॉर्डनं तो कागद आणून एमिलच्या मांडीवर ठेवला.

एमिल बराच वेळ त्या भोकांवरून बोट फिरवत राहिला.

"झकास," तो म्हणाला. "काडतुसं चांगली आहेत. कोण भरून देतं तुम्हाला?"

वॉर्ड 'तुम्हाला' ऐकून थबकला.

"तू," तो म्हणाला. "तूच भरतोस, एमिल."

एमिलनं त्याच्याकडे पाहिलं. थट्टा करणाऱ्या अनोळखी माणसाकडे बघून हसावं तसं तो अदबीनं हसला.

"छे हो," तो म्हणाला. "मला कुठं येतंय."

वॉर्डनं त्याच्या मांडीवरचा कागद उचलला, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली, आणि काय करावं ते न सुचून तसाच हातात धरून उभा राहिला. एमिल बाकावर जरासा सरकला. पाहुण्याला बसायला जागा करून दिली.