करवा चौथची केमो

वडील गाझियाबादच्या कारखान्यात रोजंदारीवर होते. एक खाडा झाला की चूल अडायची, म्हणून छातीतली गाठ दाखवायला आईला दिल्लीला कुणी नेलंच नाही. ती वाचली नाही.

घरातली पहिली पदवीधर मी. पुढे कॅन्सर झालेल्या बायकांना उपचारभर सोबत करणाऱ्या मुलींना मी शिकवू लागले. एका मुलीची पेशंट केमोला नाही म्हणाली. त्या दिवशी करवा चौथ होती, नवऱ्याच्या आयुष्यासाठी निर्जळी उपास, आणि केमोला उपाशीपोटी जायचं नसतं. मुलगी तिला औषधांचं महत्त्व समजावत बसली.

"अगं, तिच्या सासूशी बोल," मी मुलीला म्हटलं.

सासूबाई सुनेला म्हणाल्या, "आदमी तेरा है, पर बेटा तो मेरा है. इस बार व्रत मैं रखूँगी. तू खाके जा."

सून केमोला आली. आमच्या सोबतीने सगळे उपचार पूर्ण करणारी ती पहिली बाई.