मागच्या सीटचा दोष

कव्हरवाल्याला उघडं काही बघवत नसे. सीट, सोफे, शिलाई मशीन, स्पीकर, पाण्याचं पिंप, जे दिसेल त्याचं माप घेऊन तो रेक्झीन कापायचा. त्याच्या घरात टीव्हीच्या रिमोटला कव्हर होतं आणि त्या कव्हराचा रंग उडू नये म्हणून वर आणखी एक प्लॅस्टिकचं होतं. "मला कधी शिवताय?" असं बायकोने एकदा विचारलं, तेव्हा तो हसला नाही. खरं सांगायचं तर त्याने क्षणभर मापाचा विचार केला.

या बायकोला पन्नाशीला टेकल्यावर आयुष्यातली पहिली नोकरी लागली. चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीचं काम. काच दिव्यासमोर धरायची, ओरखडा दिसला की बाजूला टाकायची. तीन महिने कच्ची नोकरी, मग पक्की. ती इतकी हरखली की घरी पाण्याचा ग्लास उचलला तरी आधी उजेडासमोर धरायची. कारखाना गावाबाहेर, आणि सकाळची बस फाटक बंद झाल्यावर पोचणारी. म्हणून कव्हरवाल्याने एक जुनी, छोटी मोटारसायकल घेतली.

गाडीची टाकी पार ओरबाडलेली होती. बायको मागे बसणार आणि टाकी ही असली, हे काही त्याला सहन होईना. त्याने खपून टाकीला कव्हर शिवलं. निळं रेक्झीन, आत स्पंज, वर पांढरी शिलाई. बाजारातल्या कव्हरांना झाकणापाशी भोक असतं, ते त्याला भगदाडच वाटे. त्याने तिथे फ्लॅप ठेवला. पेट्रोल भरताना तो उघडायचा, मग टिचबटणांनी असा गच्च बसवायचा की पाण्याचा थेंबही आत जाऊ नये. हे कव्हर फक्त बायको बसणार असली की चढे. तिला कारखान्याशी सोडलं की तो ते काढून घडी करी, कारण पुढे त्याला कापडबाजारात जायचं असे आणि तिथे लोक कव्हरं पळवतात.

पहिल्याच आठवड्यात गाडी फुरफुरली. अर्धा रस्ता अगदी ठणठणीत, मग पुलाच्या चढावर फट्, फट्, दोन आचके आणि बंद. कव्हरवाला उतरे, प्लग काढी, पुसी, फुंकी, परत लावी, किक मारी. काही नाही. वायरी हलवी. काही नाही. शेवटी पेट्रोल तरी आहे ना म्हणून टाकीचं झाकण उघडून आत डोकावे, पुन्हा सगळं बंद करी आणि किक मारी, की गाडी सुरू. "बघितलंस? प्लगच होता," असं तो विजयाने म्हणे. तोवर कारखान्याचं फाटक लागलेलं असे.

गॅरेजमध्ये जाताना तो कव्हर घरी ठेवी, कारण गॅरेजवाल्याचे हात कोपरापर्यंत काळे असत. गॅरेजवाल्याने प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, सगळं पेट्रोल काढून नवं भरलं आणि स्वतः पूल चढून आला. गाडीने हूं की चूं केलं नाही.

"काका, नक्की बंद कधी पडते?"

"बायको मागे असली की."

"आणि नसली की?"

"कधीच नाही."

गॅरेजवाल्याने काकूंचं वजन किती ते विचारलं. दुसऱ्या दिवशी कव्हरवाल्याने बायकोला वजनकाट्यावर उभं केलं. तिने कारण विचारलं नाही. तिला वाटलं, निघाले शेवटी मापं घ्यायला.

तेवढ्या वजनाचं वाळूचं पोतं मागे बांधून गॅरेजवाला पूल चढला. गाडी चालली. पर्समध्ये लोहचुंबक वगैरे असेल, म्हणून बायकोची पर्स पोत्याला अडकवून झाली. गाडी चालली. "पोतं बोलत नाही," गॅरेजवाला म्हणाला. "काकू बोलतात का?" बोलतात म्हटल्यावर बोलणारा माणूस हवा, म्हणून बायकोच्या भावाला बसवलं. त्याने पूल संपेपर्यंत आपल्या मूळव्याधीची साद्यंत हकीकत सांगितली. गॅरेजवाल्याचा तोल दोनदा गेला, पण गाडी अडखळली नाही.

"काका, गाडीत काडीचा दोष नाही," हात पुसत गॅरेजवाल्याने निकाल दिला. "गाडीला काकू मानवत नाहीत."

हे भावाने बहिणीच्या कानावर घातलं आणि वर पदरचं जोडलं, "ताई, नेमकी तुझ्या कामाच्या वेळेलाच बरी बंद पडते! गाडीचं काही नाही गं, दाजींच्याच मनात नाही." ती त्याला गप्प बस म्हणाली खरी, पण ते डोक्यातून जाईना. सुपरवायझरने आदल्याच दिवशी बजावलं होतं, आणखी एकदा उशीर झाला तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका.

आता कव्हरवाल्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. दुपारी तो जेवायला येई तेव्हा घर सुनं असे. ताट वाढून झाकलेलं असे, पण समोर बसून "अजून घ्या" म्हणणारं कुणी नसे. पुलावर गाडीने आचका दिला की त्याला वाईट वाटे, पण त्याच वेळी आत कुठेतरी बरंही वाटे. गाडी तो बंद पाडत नव्हता, ही देवाशपथ खरी गोष्ट. पण बंद पडल्याचं जितकं वाईट वाटायला हवं तितकं त्याला वाटत नसे.

त्या सकाळी पुलावर गाडीने पुन्हा आचके दिले आणि मान टाकली. कव्हरवाला पाना काढून वाकला.

"मुद्दाम करता तुम्ही," बायको म्हणाली.

"अगं, काहीतरीच काय!"

"भाऊ चालतो, पोतं चालतं, मी एकटीच चालत नाही? स्पष्ट सांगा ना, मी कामाला जायला नको आहे तुम्हाला."

तो पाना घेऊन पुन्हा प्लगवर वाकला. ते बघून तिचे डोळे भरून आले. "पेट्रोल तरी घातलंय का बघू दे," म्हणत तिने फ्लॅपची बटणं तटातट उघडली, किल्ली घातली आणि झाकण फिरवलं. टाकीने सुस्स करून हवा आत ओढली.

ती थबकली. तिने झाकण उजेडासमोर धरलं. त्याच्यात हवेसाठी एक बारीकसं भोक होतं. मग तिने फ्लॅप उलटून बघितला. स्पंजावर झाकणाचा वण उमटला होता, भोकासकट.

"हिला हवा मिळणार कुठून, आणि हवेशिवाय पेट्रोल खाली उतरणार कसं? तुम्ही तर बूचच मारलंय."

तिने कव्हर ओरबाडून काढलं. पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.

"तू बसणार म्हणून शिवलं होतं," तो म्हणाला. "टाकी वाईट दिसायची."

"माहीत होतं तुम्हाला?"

"नाही. शपथ." हे खरं होतं. पण ती अशी काही बघत होती की तेवढ्या खऱ्यावर भागेल असं त्याला वाटेना. "माहीत नव्हतं. पण बंद पडली की थोडं बरं वाटायचं. दुपारी घरात कुणीच नसतं गं."

ती मागे बसली आणि म्हणाली, "चला आधी."

फाटक बंद व्हायच्या आत ते पोचले. ती लगबगीने आत निघाली. नोकरी लागून दोन महिने होत आले होते. संध्याकाळी ती आपली आपण बसने परत यायची, आणि सुटते किती वाजता हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

"अगं," त्याने हाक मारली, "संध्याकाळी कधी सुटतेस?"

ती वळली. आधी त्याच्याकडे बघितलं, मग टाकीकडे. "साडेपाचला. आणि हिला काही घालून आणलंत तर मी बसने जाईन."

साडेपाचच्या कितीतरी आधी तो येऊन उभा राहिला. सुटलेल्या बायका त्या ओरबाडलेल्या टाकीकडे बघत बघत जात होत्या. त्याला लाज वाटत होती, पण ती बाहेर येईपर्यंत तो जागचा हलला नाही.