बोक्यावरचा आळ

आमच्या जव्हारच्या गल्लीत कोणाची चप्पल दिसेनाशी झाली किंवा डब्यातला लाडू कमी झाला, की अजूनही कोणीतरी म्हणतं, "गादीवालीचा बोका येऊन गेला वाटतं." म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो बोका पाहिलेलाही नाही. त्याला गल्ली सोडून वीस-पंचवीस वर्षं झाली. त्याने कोणाचंही काही चोरलं नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि माझ्याखेरीज आणखी एका माणसाला माहीत होतं. ते माणूस आता राहिलं नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. आमचा जिल्हा तेव्हा ठाणे होता. मी मोखाड्याच्या पंचायत समितीत कारकून होतो. सकाळच्या एसटीने जायचो, संध्याकाळी बस चुकली तर जीपमध्ये दाटीवाटीने परत यायचो. आमच्या भाड्याच्या घराला लागून गादीवाल्या भाभींचं घर होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. त्यांचे यजमान कापूस पिंजायचे, भाभी गाद्या भरून टाके घालायच्या. चार मुलं त्या कापसातच लहानाची मोठी झाली. आमच्या स्वयंपाकघरावर कौलं होती, त्यांच्या दुकानावर पत्रे, आणि दोन्ही छपरं एकमेकांना टेकलेली.

उन्हाळ्यात डोंगरातल्या गावांहून बायका काटेसावरीचा कापूस पोत्यांत भरून आणायच्या. उशांसाठी त्याच्यासारखा कापूस नाही. मुठीत धरला तरी मूठ रिकामी वाटते. पण उंदरांनाही तो तितकाच आवडतो. एका रात्रीत पोतं फोडून आत घर करतात. म्हणून भाभींकडे बोका होता.

राखाडी रंगाचा, अंगावर पट्टे, एक कान फाटलेला. सकाळी दुकानातून बाहेर पडायचा तेव्हा मिशांना कापूस चिकटलेला असायचा, त्यामुळे तो होता त्यापेक्षा वयस्कर दिसायचा. गल्लीच्या कडेने जाणं त्याला ठाऊक नव्हतं. मधोमध चालायचा. समोरून जीप आली की ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा. हा आधी पुढचे पाय ताणायचा, मग मागचे, आणि मग बाजूला व्हायचा. चहाच्या टपरीपर्यंत, तिथून शाळेच्या भिंतीवर, भिंतीवरून नळापाशी, असा त्याचा रोजचा फेरा असे. दुपारी परत येऊन नव्या गादीवर झोपायचा. गिऱ्हाईक आलं तर भाभी त्याला न उठवता गादीच हळूच ओढून घ्यायच्या.

आमच्याकडेही मांजर होती. पांढरी. आम्हाला मूल नव्हतं. ते दुःख तोवर जुनं झालं होतं, त्याबद्दल आम्ही बोलायचोही नाही. पण पिल्लू घरात आलं आणि बायको घरात एकटी असतानाही बोलू लागली. भिंतीपलीकडे भाभींना ते ऐकू जायचं. त्या पिल्लाला काही होऊ नये म्हणून मी खिडक्यांना जाळी ठोकली. दार उघडताना आधी पाय आडवा घालायचो. रविवारी आम्ही शिरपामाळला फिरायला जायचो, तेव्हाही सगळं बंद करून जायचो. कुत्री, जीपगाड्या, रोगराई, बाहेरच्या मांजरांशी मारामाऱ्या, ही कारणं मी कोणालाही पटकन मोजून दाखवायचो. वर अभिमानाने सांगायचो, "आमची मांजर उंबरा ओलांडत नाही."

भाभींना हे पटत नसे. ओट्यावर सुईत दोरा ओवता ओवता म्हणायच्या की भाऊ, तिला जरा वारा लागू द्या, जनावर आहे ते. मी म्हणायचो, उद्या कुत्र्याने धरली तर? त्यावर त्यांचं म्हणणं सरळ होतं. जनावर बाहेर जाणारच. ते बाहेर काय करून येतं, त्याचं मात्र घरच्याने बघायचं. आणि त्या तसं वागायच्या. एकदा बोक्याने टपरीवरचं दुधाचं पातेलं लवंडलं. टपरीवाला तक्रार घेऊन यायच्या आत भाभींचा थोरला मुलगा घरचं दूध घेऊन टपरीवर हजर होता.

त्या वर्षी उन्हाळ्यात समोरच्या मावशींची कोंबडीची पिल्लं नाहीशी होऊ लागली. मावशी म्हणजे गल्लीची तिखट जीभ. एकट्या राहायच्या, अंडी विकायच्या आणि कोंबड्यांशी माणसांपेक्षा बऱ्या वागायच्या. आज एक पिल्लू, दोन दिवसांनी आणखी एक. मावशींना संशय एकावरच. गल्लीत राजरोस फिरणारा दुसरा होताच कोण?

एका संध्याकाळी त्यांनी चारचौघांना ओट्यावर बोलावलं. मी नुकताच मोखाड्याहून आलो होतो, पिशवी हातातच होती. मावशी म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुम्ही हापिसातले. तुम्हीच सांगा." आणि मी सांगितलं. चांगलं लांबलचक सांगितलं. मांजर पाळायचं तर घरात ठेवावं, मोकळं सोडलं की शिकार करणारच, तो त्याचा स्वभाव, दोष पाळणाऱ्याचा. आमच्याकडे बघा म्हटलं. बायको मांजर कडेवर घेऊन दारात उभी होती. सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

भाभीही तिथेच होत्या. त्यांनी मला एकच विचारलं.

"तुमची दिवसभर घरातच असते ना, भाऊ?"

"हो," मी म्हणालो.

त्या क्षणभर माझ्या बायकोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग माझाच असेल."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बोक्याला बांधलं. गादीला टाके घालतात त्या जाड दोऱ्याची दुहेरी वेणी करून, गळा कापू नये म्हणून खाली कापडाची पट्टी लावून. बोका ओरडला नाही. दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत दोरी पुरायची, तिथे येऊन बसायचा आणि त्याच्या फेऱ्याच्या वेळेला शाळेच्या भिंतीकडे तोंड करायचा. गल्लीतून जाताना मी दुसरीकडे बघायचो. तोवर खरं तर मला तसं बघायचं काही कारण नव्हतं.

ते रविवारी मिळालं. पावसाळा जवळ आला की आमच्याकडे कौलं शाकारून घ्यावी लागतात. मी स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढलो. भाभींच्या पत्र्याच्या बाजूची दोन कौलं सरकलेली होती. फट मांजरापुरती. कडा घासून गुळगुळीत झालेल्या, आणि तिथे पांढरे केस. खाली वाशाला लागून पिल्लांची पिसं होती, पिवळी, मऊ. दोन पाय होते.

मी बराच वेळ माळ्यावर बसून राहिलो. खालून बायको विचारत होती, किती कौलं फुटलीत? खाली तीच मांजर तिच्या पायाशी घोटाळत होती. मी म्हणालो, दोनच. पिसं कागदात गुंडाळली, कौलं घट्ट बसवली, वर दगड ठेवले. बायकोलाही सांगितलं नाही. मला वाटलं, आता पिल्लं जाणार नाहीत, मग वाद आपोआप मिटेल आणि बोका सुटेल.

उलटंच झालं. पिल्लं जायची थांबली आणि सगळी गल्ली म्हणाली, बघा, बोका बांधला आणि चोरी थांबली. मी बसवलेल्या त्या कौलांनीच बोक्यावरचा आळ पक्का केला. मावशी मला म्हणाल्या, भाऊसाहेब, तुमचं म्हणणं खरं ठरलं. मी मान हलवली.

बांधलेला बोका भाभींना बघवेना. मोखाड्याकडच्या पोशेरा गावची एक बाई दरवर्षी त्यांच्याकडे सावरीचा कापूस घेऊन यायची. तिच्या घरी नाचणीच्या कणगीला उंदीर लागले होते. भाभींनी बोका तिला दिला. झाकणाच्या टोपलीत खाली कापूस अंथरला, दोरीची गाठ स्वतः सोडली आणि टोपली जीपमध्ये त्या बाईच्या मांडीवर ठेवली. गेल्यावर याला चुलीभोवती फिरव, म्हणजे घर धरेल, एवढं सांगितलं. मीही त्याच जीपची वाट बघत उभा होतो. मोखाड्यापर्यंत ती टोपली माझ्या गुडघ्याला लागत होती. आतून आवाज नाही. तेव्हाही बोलायला वेळ होता. जीप वळवायलासुद्धा वेळ होता.

त्या पावसाळ्यात भाभींच्या दुकानात उंदीर झाले. लग्नासाठी शिवलेल्या दोन गाद्या कुरतडल्या. भाभींनी त्या उसवून पुन्हा भरल्या. दुसरं मांजर आणलं नाही. आमच्याकडे आमची मांजर खिडकीच्या जाळीला नाक लावून बसायची, आणि बायको मला विचारायची, ही हल्ली अशी का?

पुढच्या हिवाळ्यात ऑफिसच्या कामाने मला पोशेऱ्याला जावं लागलं. विहिरीची पाहणी आटोपून मी त्या बाईच्या पाड्यावर गेलो. बोका भाताच्या पेंढ्याच्या उडवीवर बसला होता. अंगाने भरलेला, दुसराही कान आता थोडा फाटलेला. त्याने मला पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. बाई सांगत होती की हा एका घरचा राहिलाच नाही. सकाळी या घरी, दुपारी त्या घरी, सगळ्या पाड्याच्या कणग्या राखतो. कोंबड्यांचं काय, मी विचारलं. ती हसली. "कोंबडीला नाय हात लावत. पिल्लां त्याच्या पाठीवर चढतात." आणि खरंच, उडवीखाली कोंबडी पिल्लं घेऊन माती उकरत होती, आणि वर हा डोळे मिटून बसलेला.

मी संध्याकाळी थेट भाभींच्या दुकानात गेलो. त्या एकट्याच गादीला टाके घालत होत्या. बोका मजेत आहे, असं सांगितलं. तो कसा बसला होता, किती घरं फिरतो, हे सगळं त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मग मी म्हणालो, "भाभी, ती पिल्लं..."

"माहीत आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. सुई थांबली नाही. "तुमची माझ्या पत्र्यावरून जायची. तुम्ही ऑफिसला गेले की वर पाय वाजायचे."

मी विचारलं, मग त्या दिवशी बोलला का नाहीत?

त्यांनी दोरा दाताने तोडला. "ताई दारात उभी होती. मला चार पोरं आहेत. तिला एक मांजर." सुईत नवा दोरा ओवत म्हणाल्या, "मावशीने त्या मांजरीला बांधायला लावलं असतं. भिंतीतून मला रोज ऐकू येतं ना, ताई तिच्याशी काय काय बोलते."

मी विचारलं, आता गल्लीत सांगू का? त्या म्हणाल्या, "आता बोका परत येणार आहे का? तो तिकडे खूश आहे. तुम्ही फक्त ते कौल उघडा. तिलाही वारा लागू दे."

भाभींचं मन किती मोठं होतं, हे मला त्या घटकेला कळलं, आणि त्यांच्या मोठ्या मनाचा मी लगेच फायदाही घेतला. बोका परत येणार का, या त्यांच्या प्रश्नाला मी परवानगी समजलो. ती परवानगी नव्हती. आपल्या नावाबद्दल त्या काही मागत नव्हत्या, इतकंच. न मागता द्यायचं ते माझं काम होतं.

मी जाळी काढली. मांजरीच्या गळ्यात घुंगरू बांधलं, म्हणजे पिल्लांना आधी कळावं, आणि दार उघडं ठेवलं. बायको घाबरून उंबऱ्यात उभी राहिली. मांजर बाहेर गेली, नळापर्यंत जाऊन परत आली. आठवडाभरात बायकोची भीती गेली. उलट ती मांजरीमागे ओट्यावर येऊन बसू लागली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा गल्लीतल्या बायकांशी तिच्या गप्पा सुरू झाल्या. हे भाभींना आधीच दिसलं होतं की काय, कोण जाणे.

पहिल्याच दिवशी मावशींनी समोरून विचारलं होतं, "काय भाऊसाहेब, ओलांडला का उंबरा?"

"हो मावशी," मी म्हणालो, "आजच."

त्या 'आजच'ने मला पुढे फार वर्षं झोप लागू दिली नाही. मांजर म्हातारी होऊन गेली. काही वर्षांनी बायको गेली. मागच्या वर्षी भाभी गेल्या. त्यांच्या घरी भेटायला गेलो, तर थोरला मुलगा नातवंडांना सांगत होता, तुमच्या दादीने एक चोर बोका पाळला होता, सगळी गल्ली भांडायला आली होती. प्रेमाने सांगत होता. सगळे हसले. त्याला, तिच्या पोटच्या पोरालाही, तिने खरं सांगितलं नव्हतं. मी चहा पिऊन घरी आलो.

दोन दिवसांनी मावशींच्या ओट्यावर गेलो. त्यांचं वय आता नव्वदीकडे आहे. कोंबड्या अजून आहेत, कान मात्र गेले आहेत. मी त्यांच्याजवळ बसून हळूच म्हणालो, तुमची पिल्लं बोक्याने खाल्ली नव्हती.

"काय?"

मी पुन्हा म्हणालो.

"जोरात बोला. कोणी खाल्ली?"

"आमच्या मांजरीने," मी म्हणालो. तेही त्यांना ऐकू गेलं नाही. मग मी उभा राहिलो आणि सगळं ओरडून सांगितलं. कौलं, पिसं, पत्रा, पोशेरा, भाभी काय म्हणाल्या ते. एकेक वाक्य दोनदा. समोरच्या खिडक्या उघडल्या. गादीच्या दुकानातून थोरला बाहेर आला आणि हातातली सुई तशीच धरून उभा राहिला.

मावशी माझ्याकडे न बघता थोरल्याला म्हणाल्या, "तुझ्या आईला मी त्या दिवसांत काय काय बोलले. एकदा तरी उलटून बोलायचं होतं तिने."

तो आत गेला, बसायला वेताचा मोढा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. "बसा, काका," म्हणाला, "आता तो बोका कसा बसला होता, ते नीट सांगा."