झेरॉक्सची परवानगी देणारे पुस्तक

आमच्या रेवदंड्याच्या वाचनालयात संगणकाची पुस्तके कशी निवडली जात, याचे खरे उत्तर असे की ती निवडलीच जात नसत. पुरवठादार वर्षाकाठी एक गठ्ठा पाठवी, समिती तो सोडण्यापूर्वीच खरेदीचा ठराव मंजूर करी आणि पुस्तके कपाटात जात. यंदाच्या गठ्ठ्यात एका सॉफ्टवेअरची मार्गदर्शिका निघाली. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीनेच कधीचे बंद केलेले होते. दुसरे पुस्तक आठवड्याभरात प्रोग्रामर घडवण्याची हमी देत होते. अशी हमी औषधाच्या बाटलीवर छापली, तर छापणाऱ्याला कोर्टाची पायरी चढावी लागते. मी त्याच दिवशी पुरवठादारास आणि आमच्याच समितीस स्वतंत्र पत्रे लिहिली.

संताप केवळ तत्त्वाचा नव्हता. आमच्या शेजाऱ्यांच्या सुनेचा नवरा आखातात नोकरीला आहे. त्याचा करार वाढणार नसल्याचे कंपनीने कळवले होते. न्हावा शेव्याजवळच्या एका मालवाहतूक कार्यालयाने तिला सांगितले होते, कंटेनरच्या याद्या तपासणारे लहान प्रोग्राम लिहिता आले, तर घरबसल्या काम देऊ, चाचणी ईदनंतर. सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे अलिबागला क्लासला जाणे अशक्य. जवळ एक जुना लॅपटॉप, त्यावर दिराने बसवलेली ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही मोफत वापरता आणि बदलता येणारी प्रणाली. तिला त्याच प्रणालीवर शिकवणारे पुस्तक हवे होते.

"चाचा, एखादी धड किताब बघा ना," ती म्हणाली. "व्हिडिओ लावला की अम्मी हाक मारतात, मग कुठे होते तेच विसरते. किताबीत कसं, खूण ठेवून उठता येतं."

मला प्रोग्रामिंग येत नाही; पुस्तक मात्र तपासता येते. कायद्याचे पुस्तक पारखावे तशी मी पारख केली. आवृत्ती कोणती, ती कोणत्या बदलांपर्यंतची, शेवटी सूची आहे की नाही. पुढची कसोटी तिची: पहिल्या प्रकरणातील उदाहरणे स्वतः टाइप करून चालवायची, न चालणारे पुस्तक बाद. कपाटातली सगळी बाद झाली. इंटरनेटवरचीही बरीच गळली आणि एक टिकले. त्याच्या परवान्याचे पान मी पुन्हापुन्हा वाचले. आजवर वाचलेले परवाने काय करू नये तेच सांगत आले. हा म्हणत होता: छापा, वाटा, दुरुस्त करा. अट एवढीच की परवाना सोबत जोडावा आणि बदल केल्यास तो कोणी व काय केला, हे नोंदवावे.

ते पुस्तक छापून, बांधून घ्यावे असा ठराव मी समितीपुढे मांडला. अध्यक्ष मसाल्याचे व्यापारी. त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले. 'छायाप्रती काढण्यास सक्त मनाई.' ती पाटी माझ्याच आग्रहाने लागलेली.

"वकीलसाहेब," ते म्हणाले. मी वकील नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. "ह्या पाटीपायी माझ्या नातवाला तुम्ही गाइडची झेरॉक्स काढू दिली नाहीत. आता स्वतःच चोरीचा माल बांधून घेताय होय?"

"गाइडच्या मालकाने परवानगी दिली नव्हती. ह्यांनी लेखी दिली आहे. वाचून दाखवतो."

"नका हो, जेवायची वेळ झाली!"

मी वाचून दाखवले. संपूर्ण. खजिनदारांनी डोळे मिटून घेतले.

"फुकट देणारा माणूस एकतर वेडा, नाहीतर लबाड," अध्यक्ष म्हणाले.

"ज्यांनी ह्या वाचनालयाला जागा फुकट दिली, ते ह्यातले कोण होते?"

ती जागा त्यांच्या आजोबांनी दिलेली. ठराव मंजूर झाला.

पुस्तक घरी नेल्यावर काही दिवसांनी शेजारची सून तणतणतच वाचनालयात आली. याद्यांच्या प्रकरणातला एक प्रोग्राम चालेना. मी लेखकास पत्र लिहिण्यासाठी पेनाचे टोपण काढले.

"पत्र मागाहून लिहा, चाचा. चूक सापडलीय मला. प्रणालीच्या नव्या आवृत्तीत ती आज्ञा बदललीय, किताबीत जुनीच राहिलीय. मी दुरुस्त केलं तर चालेल ना?"

"चालेल. परंतु बदल कोणी केला, ते लिहावे लागेल. नाव घाल."

"माझं? वाचनालयाचं घालते की."

"दुरुस्ती वाचनालयाने केली काय? खोटी नोंद मी होऊ देणार नाही."

"सासरचं लिहू की माहेरचं?"

"परवान्यात तसे काही विचारलेले नाही."

तिने दुरुस्त केलेले पान छापून घेतले आणि खाली पेनाने फक्त स्वतःचे नाव लिहिले, आडनावाशिवाय. पुढे काय बदलले, ते एका ओळीत. पान चिकटवून होताच तिने ओढणी सावरली आणि पुस्तक काखेत घेतले.

"पुढच्या प्रकरणातही गडबड दिसतेय," ती म्हणाली. "चाचणीआधी तेही सरळ करते."